भाव केला म्हणून शोभा कोणाची होते?

बँकॉकहून परत आल्यावर ऑफिसात सुक्या आंब्याचं पाकीट फोडलं. एका गृहस्थांनी दोन तुकडे तोंडात टाकत विचारलं, "केवढ्याला पडलं?" मी सांगितलं, 150 बाट सांगत होता, भाव करून 110 ला आणलं. त्यांनी तोंड वाकडं केलं. "तुम्ही लोक तिथं जाऊनही घासाघीस करता? परदेशात असं करू नये हो. आपल्या देशाची शोभा होते."

आंब्याचे आणखी दोन तुकडे त्यांनी घेतले.

'तुम्ही लोक' म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. तीस वर्षांच्या नोकरीत माणूस तेवढं शिकतोच. प्रश्न दुसराच आहे. हेच गृहस्थ रविवारी मंडईत मेथीच्या जुडीमागे पाच रुपयांसाठी म्हातारीशी हुज्जत घालतात, तेव्हा ते 'चोखंदळ ग्राहक' असतात. आमच्या बाया बँकॉकच्या फुटपाथवर बसून भाव करतात, तेव्हा देशाची शोभा होते. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. मी ऐकून घेतलं. आता लिहितो आहे.

आम्ही 19 जण गेलो होतो, फेब्रुवारी 2024 मध्ये. निमित्त खरेदीचं नव्हतं. भारतातून तथागतांच्या आणि सारिपुत्त-मोग्गलान यांच्या अस्थी थायलंडला नेल्या होत्या आणि बँकॉकच्या सनम लुआंग मैदानावर दर्शनासाठी ठेवल्या होत्या. माघ पौर्णिमा 24 तारखेला होती. भारतीयांना व्हिसा लागत नव्हता. वस्तीतल्या विहाराच्या भिशीतून काही आणि ज्याच्या त्याच्या पेन्शनीतून काही असे पैसे जमले. माझ्याबरोबर आई होती, वय 70. तिची ही पहिली विमानवारी.

आईबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. नगर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर तिनं बावीस वर्षं पेरू विकले. डोक्यावर पाटी, गाडी लागली की खिडकीखालून धावायचं. मी आणि माझी बहीण त्या पेरूंवर शिकलो. म्हणजे भाव करणं ही तिच्यासाठी हौस नव्हती. ती बावीस वर्षं दुसऱ्या बाजूला उभी होती.

पहिला फटका बसला तो जिथं भाव करताच येत नाही तिथं. त्या आठवड्यात एक बाट 2 रुपये 30 पैशांच्या आसपास होता. आम्हाला मुंबई विमानतळावरच्या काउंटरवर तो पावणेतीन रुपयांना पडला. काचेमागचा मुलगा इंग्रजीत बोलला, पावती दिली, आम्ही 'थँक्यू' म्हणून निघालो. बँकॉकमध्ये प्रतुनामच्या आसपास पैसे बदलून देणारी दुकानं आहेत, तिथं दर बराच बरा मिळतो. शंभर डॉलरच्या नोटेला सुट्या डॉलरांपेक्षा जास्त भाव, हेही तिथंच कळलं. पैशातही मोठी नोट आणि छोटी नोट असा भेद आहे! एका फेरीत जेवढे पैसे त्या काचेमागच्या मुलानं आमच्याकडून काढले, तेवढे नंतर पाच दिवस भाव करून परत आले नसतील. पण त्याबद्दल 'शोभा झाली' असं कोणी म्हणत नाही.

पहिले दोन दिवस आम्ही सगळे एकच उद्योग करत होतो. किंमत वाचायची, अडीचनं गुणायचं, आणि 'महाग' किंवा 'स्वस्त' म्हणायचं. आपल्याकडे बाटलीवर एमआरपी छापलेली असते, तिथं ती नाही. तेच पाणी सेव्हन-इलेव्हनमध्ये 7 बाट, देवळाच्या दाराशी 20. आई मात्र गुणाकार करत नव्हती. तिनं गाइडला मला विचारायला लावलं, "इथं रोज किती?"

गाइड म्हणाला, बँकॉकमध्ये किमान रोज 363 बाट आहे.

"मग ती पँट अर्ध्या रोजाची हाय," आई म्हणाली. हत्तीच्या छापाच्या ढगळ पँटी तिथं सगळीकडे टांगलेल्या असतात, त्यातली एक तिच्या हातात होती.

मी रात्री हॉटेलवर हिशेब केला. आपल्याकडे त्या वर्षी रोजगार हमीचा महाराष्ट्रातला रोज 273 रुपये होता. त्यात अर्ध्या लिटरच्या, दहा रुपयांच्या 27 बाटल्या येतात. 363 बाटमध्ये 600 मिलीच्या 51 येतात. म्हणजे आमच्या दृष्टीनं 'साधारण सारखं' असलेलं पाणी तिथल्या मजुराला निम्म्याहून कमी श्रमात मिळतं. नुसत्या विनिमय दरानं गुणलं की हे दिसतच नाही. बाबासाहेबांनी 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्याचा गाभा माझ्यासारख्या सामान्य वाचकाला एवढाच कळतो, की रुपयाची किंमत परकीय चलनाशी तो कसा जोडला आहे यापेक्षा तो घरात किती माल आणतो यावर बघावी. माझी आई चौथी शिकली आहे. तिला हे पाटीखाली उभं राहून कळलेलं होतं.

प्रतुनामचा बाजार हा घाऊक कपड्यांचा बाजार. तिथल्या बऱ्याच दुकानांत दोन किमती लिहिलेल्या असतात, एका नगाची वेगळी आणि तीन किंवा जास्त नगांची वेगळी. एक घेतला तर 200, तीन घेतले तर 150 प्रमाणे. आमच्या अकरा बायांनी हे अर्ध्या तासात ओळखलं. एकटीनं आत जायचंच नाही, सगळ्यांनी मिळून जायचं, बारा नग काढायचे, आणि मग 150 वरून बोलणं सुरू करायचं. भाषा कोणाला येत होती? विकणारीला मराठी नाही, ह्यांना थाई नाही, इंग्रजी दोघींनाही बेताचंच. मध्ये एक कॅल्क्युलेटर. ती 150 दाबणार, आई तो हातातून घेऊन 100 दाबणार, ती कपाळाला हात लावून 140 दाबणार, आई हसणार. 'थाओ राय' म्हणजे केवढ्याला आणि 'लोत दाय माय' म्हणजे कमी होईल का, एवढं गाइडनं शिकवलं होतं. आमच्या शेजारच्या काकू 'लोत दाय माय' एवढ्या ठसक्यात म्हणायच्या की दुकानातल्या पोरी टाळ्या वाजवायच्या. 120 वर सौदा तुटला. बाया खूश, विकणारी खूश. कोणाची शोभा झाली?

खरं सांगायचं तर लाज मलाच वाटत होती. मी दोन पावलं मागे उभा होतो, मोबाइलमध्ये बघत, जणू ह्यांच्याबरोबर नाहीच. ऑफिसातल्या गृहस्थांचं वाक्य मी अजून ऐकलेलं नव्हतं, तरी ते माझ्या डोक्यात आधीपासून होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र मी स्वतः भाव केला. हॉटेलच्या गल्लीच्या तोंडाशी एक पन्नाशीची बाई कापडी पिशव्या घेऊन बसायची. 180 बाट म्हणाली. मी 80 म्हणालो, चालायला लागलो, तिनं हाक मारली, 100 ला दिली. जिंकल्यासारखं वाटलं. रात्री गाइडनं सहज सांगितलं, ही बाई ईसानची, ईशान्येकडच्या गरीब शेतकरी भागातली. पोरं आजीकडे ठेवून इथं बसते. माझ्या घशाखाली जेवण उतरेना. मी माझ्याच आईला लुबाडलं असं वाटायला लागलं. आईला म्हटलं, "उद्या जाऊन तिला पन्नास बाट देऊन येतो."

आई एकदम चिडली. "का? भीक मागितली का तिनं?"

"अगं, गरीब आहे ती."

"मी नव्हते? तिला 100 ला परवडलं म्हणून तिनं दिलं. परवडलं नसतं तर तुला जाऊ दिलं असतं. मी किती गाड्या अशा जाऊ दिल्या. भाव केला त्याचा मला कधी राग आला नाय. माणूस बोलतोय, मी बोलतेय, पटलं तर घे, नाय तर फूट. राग यायचा तो दुसऱ्यांचा."

दुसरे कोण, हे तिनं मग सांगितलं. मी पन्नाशीला आलो, तरी हे तिनं मला आधी सांगितलेलं नव्हतं.

एक, जे भाव ठरवून, पेरू घेऊन, पैसे वरून टाकायचे. हात लागू नये म्हणून. रुपया पाटीत पडला तर ठीक, घरंगळून चाकाखाली गेला तर वाकून काढायचा. दुसरे, जे खिडकीतून आधी विचारायचे, "कुठली गं तू? कोणाची?" आणि उत्तर ऐकून हातातला पेरू परत पाटीत ठेवायचे. भाव पटलेला असायचा, पेरू आवडलेला असायचा. "तो ठेवलेला पेरू मी मग विकायची नाय," ती म्हणाली, "घरी आणून तुम्हाला द्यायची."

मी लहानपणी ते पेरू आवडीनं खाल्ले.

आणि त्याच्याही आधीची गोष्ट, तिच्या माहेरच्या गावची. किराणा दुकानाची पायरी आमच्या लोकांना चढता येत नव्हती. खाली उभं राहून काय हवं ते ओरडून सांगायचं. पैसे ओट्याच्या कडेला ठेवायचे, तो त्यावर पाणी शिंपडून उचलायचा. पुडी वरून टाकायचा. काय भाव, किती वजन, हे विचारायची सोय नव्हती. माल हातात घेऊन बघायचा, वास घ्यायचा, खडा निघाला तर परत करायचा, यातलं काहीच नव्हतं. शिवलं की घेतलं! दुसऱ्या दुकानात जाऊन तुलना करावी तर गावात दुकान एक, आणि दुसरं असतं तरी त्याचीही पायरी तीच. हा 'फिक्स प्राइस'चा आद्य बाजार. आमच्या आजोबांच्या पिढीनं घासाघीस केली नाही, ती सभ्य होती म्हणून नाही.

मजुरीचंही तेच. बलुतं म्हणजे काय? काम ठरलेलं, मजुरी न ठरलेली. खळ्यावर जाऊन उभं राहायचं, पाटील देईल ते पदरात घ्यायचं. कमी दिलं म्हणून बोललात तर पुढच्या वर्षी तेही नाही. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करायचं विधेयक मांडलं, त्यामागे हेच होतं. गावाचं पडेल ते काम करणाऱ्याला आपल्या कामाचा भाव सांगता आला पाहिजे. वतन प्रत्यक्ष खालसा व्हायला त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1958 चा कायदा यावा लागला. ज्या समाजाला हजारो वर्षं ना मालाचा भाव विचारता आला ना श्रमाचा भाव सांगता आला, त्या समाजातली बाई कॅल्क्युलेटर हिसकावून त्यावर 100 दाबते, तेव्हा ती काय करते आहे हे 'शोभा' बघणाऱ्यांना कसं दिसणार?

आईला सेव्हन-इलेव्हनही खूप आवडलं, हे इथं सांगितलं पाहिजे, नाहीतर मी फुटपाथचा कैवार घेऊन बसलो आहे असं वाटेल. थायलंडमध्ये त्यांची 14 हजारांहून जास्त दुकानं आहेत, गल्लीला दोन. तिथं भाव नाही, बोलणं नाही. यंत्र पीक करतं, पैसे द्या, बाहेर पडा. आई दिवसातून तीनदा जायची, गार हवा खायची आणि एक केळं घेऊन यायची. "कोणी काय विचारत नाय," ती म्हणायची. आमच्यातले काही विचारवंत मॉलला नुसत्या शिव्या घालतात. बारकोडला जात कळत नाही, हा त्याचा गुण मान्य करायला काय हरकत आहे? त्याचा दोष वेगळा आहे. त्याला 'नाही' म्हणता येतं, पण 'एवढ्याला दे' म्हणता येत नाही. आणि तिथंही मोठ्या गिऱ्हाइकाला सूट असतेच, फक्त ती फॉर्म भरून मिळते. एका दुकानात एका दिवशी 2000 बाटची खरेदी केली, तर पर्यटकाला 7 टक्के व्हॅटमधला मोठा भाग विमानतळावर परत मिळतो. फुटपाथवर 20 बाट कमी करा म्हटलं की घासाघीस. विमानतळावर रांगेत उभं राहून पैसे परत मागितले की 'रिफंड'.

चौथ्या दिवशी राजवाडा. त्याच्या आवारात पाचूच्या बुद्धाचं मंदिर आहे. परदेशी माणसाला तिकीट 500 बाट, थाई माणसाला फुकट. आमच्यात यावर बरीच गरमागरमी झाली. एकजण म्हणाला, ही तर उघड विषमता. मी त्यांना सांगितलं, अजिंठ्याला आपल्याला 40 रुपये आणि परदेशी माणसाला 600 आहेत, ते विसरू नका. गंमत अशी की आपल्या पुरातत्त्व खात्याच्या नियमात सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना भारतीयांचाच दर लागतो, आणि थायलंड बिमस्टेकमध्ये आहे. म्हणजे थाई भिक्खू अजिंठ्याची लेणी 40 रुपयांत बघणार, आणि आम्ही त्यांच्या राजवाड्यासमोर 500 बाट मोजणार! तेराजण आत गेले, साडेसहा हजार बाट गेले. आई बाहेर सावलीत बसली. मी जाताना म्हटलं, "बघ, आपल्याला वेगळा भाव." ती तिकिटाच्या खिडकीवरच्या मोठ्या फलकाकडे बघत म्हणाली, "इथं पाटी तरी लावलीय."

तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, नदीकाठी था फ्रा चानचा बाजार लागतो. बुद्धाच्या छोट्या प्रतिमांच्या ताईतांचा. माणसं डोळ्याला भिंग लावून अंगठ्याएवढ्या मातीच्या प्रतिमा तपासत बसलेली. काही शे-दोनशे बाटच्या, काही कल्पनेपलीकडच्या किमतीच्या. आणि भाषेतली मखलाशी बघा. थाईत बुद्धमूर्ती 'विकत घेतली' असं म्हणत नाहीत, 'चाओ' म्हणतात, म्हणजे भाड्यानं घेतली. बुद्ध विकत कसा घेणार, म्हणून. पैसे मात्र पूर्ण घेतात. विमानतळावरून येताना मोठे फलक बघितले होते, बुद्ध सजावटीसाठी नाही, गोंदवून घेऊ नका. छान वाटलं होतं. इथं आल्यावर वाटलं, नशीब उघडण्यासाठीही नाही, असाही एक फलक हवा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसानं ताईत कशाला बघावा? दोघा-तिघांनी घेतलेच. त्यांच्याशी मी वाद घातला आणि हरलो.

खरा वाद मूर्तीवरून झाला. विहारासाठी दीड फुटाची मूर्ती आणायचं ठरलं होतं. बामरुंग मुआंग रस्त्यावर दोन्ही बाजूंनी मूर्तींचीच दुकानं आहेत, पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले लहानमोठे बुद्ध फुटपाथपर्यंत आलेले. किंमत सांगितली 9,000 बाट. बाया भाव करायला पुढे झाल्या, तर आमच्या उपासकांनी अडवलं. "तथागताचा भाव करायचा? सांगितले तेवढे द्या." पाच मिनिटं रस्त्यावर मराठीत भांडण. दुकानदार म्हातारा शांतपणे पंखा घेत बसला होता. शेवटी आई म्हणाली, "भाव तथागताचा नाय, पितळेचा हाय. आन् पैसे वस्तीचे हायेत." 7,200 ला ठरली. मूर्ती देशाबाहेर न्यायला तिथल्या ललित कला खात्याचा परवाना लागतो, तो अर्ज दुकानदारच करतो आणि त्याला दिवस लागतात, हे कळल्यावर मागाहून पाठवायचं ठरलं. ती आली, विहारात आहे. तिच्यासमोर बसल्यावर 1,800 बाट कमी दिल्याचं कोणाला बोचत असेल असं वाटत नाही. त्या पैशात अभ्यासिकेला दोन पंखे आले.

ऑफिसातल्या गृहस्थांना कोणीतरी सांगायला हवं, की परदेशात किमती बघत हिंडणारा आमचा पहिला माणूस शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. न्यूयॉर्कला शिकत असताना बाबासाहेबांनी जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालून सुमारे 2000 पुस्तकं जमवली. शिष्यवृत्तीतले घरी पाठवून उरतील त्या पैशात. 1917 साली ते परत आले, त्यांचं सामान आणणारं जहाज युद्धात बुडालं आणि नुकसानभरपाईचे 600 रुपये हातात आले, ते नोकरीवर रुजू होण्यासाठी बडोद्याला जाण्यात कामी आले. बडोद्यात पुढं काय झालं, शिपाई फायली कशा टाकायचे, हे सगळ्यांना माहीत आहे. न्यूयॉर्कच्या दुकानदारानं पुस्तक हातात दिलं होतं. बडोद्याच्या शिपायानं फाईल फेकली.

निघायच्या दिवशी सकाळी साडेसातला आई मला घेऊन त्या ईसानच्या बाईकडे गेली. बाई नुकतीच पथारी मांडत होती. आईला बघून "मॅ" म्हणाली. थाईत आईला तसंच म्हणतात, आईनं ते 'माय' असं ऐकलं आणि मान डोलावली. तिनं पुन्हा 180 दाखवले. आईनं 80 दाखवले. दोघी हसल्या. मला वाटलं 100 ला ठरेल, पण आई 110 वर थांबली.

रस्त्यात मी विचारलं, "दहा जास्त का दिले?"

"भवानी होती तिची. भवानीला फार ताणू नाय."

मी मागे वळून बघितलं. बाईनं नोट दोन्ही हातांनी घेतली होती, सुटे दोन्ही हातांनी दिले होते, आणि आता ती तीच नोट मांडलेल्या सगळ्या पिशव्यांवरून एकेक करून फिरवत होती. आई पहिला रुपया असाच पाटीला लावायची. मी ह्यावर काहीतरी बोलणार होतो, अंधश्रद्धा वगैरे. पण आई पण मागे वळून तिकडेच बघत होती, म्हणून गप्प बसलो.